शार्ल-ऑगस्टिन द कूलोम
शार्ल-ऑगस्टिन द कूलोम (१४ जून, १७३६:आंगूलेम, फ्रान्स - २३ ऑगस्ट, १८०६:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच लष्करी अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतभारांविषयीच्या नियमामुळे ते सर्वपरिचित असले, तरी आधारभिंतींवरील मातीच्या दाबाचे गणितही त्यांनी मांडले.

मार्टिनिक बेटावर १७६४ ते १७७२ या काळात किल्ल्याचे बांधकाम करताना त्यांची प्रकृती कायमची ढासळली. तेथील अनुभवातून सिद्ध झालेला निबंध त्यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीस सादर केला. भिंतीमागे घसरू पाहणारी मातीची पाचर घर्षण आणि कणांची परस्पर पकड, म्हणजे संसक्ती, यांमुळे रोखली जाते, असे त्यांनी दाखविले. नव्याने भरलेल्या मातीत मात्र त्यांनी संसक्ती शून्य मानली. चिकणमातीच्या पकडीवर विसंबून भिंत बारीक बांधण्याचा धोका त्यामुळे टळतो. मातीतील पाण्याच्या दाबाचा उलगडा पुढे विसाव्या शतकात कार्ल टेरझागी यांनी केला.