बधिर पायांचे वैद्य : डॉक्टर पॉल ब्रँड

आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. गेल्या हंगामाच्या अखेरीस अशाच एका कुटुंबातील कर्ता पुरुष गावी परतला. त्याच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून राहिलेला होता, आणि जखम हाडाला भिडली असतानाही तो त्याच पायाने चालत आमच्या दारी आला. दुखत नव्हते, म्हणून त्याने पाय उलटून पाहिलाच नव्हता. पुढल्या रविवारी मंडळीतील कित्येकजण त्याच्यापासून दूर सरकून बसले. हे पाहून आम्हांस जी लाज वाटली तीत आमचाही वाटा होता. कारण महारोगाने मांस आपोआप सडून बोटे गळतात, असेच आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. ही समजूत ज्यांनी खोटी ठरविली त्या डॉक्टर पॉल ब्रँड यांचा वृत्तांत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पॉल यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी त्या वेळच्या मद्रास इलाख्यात झाला. वडील जेसी व मातोश्री एव्हलिन हे बॅप्टिस्ट मिशनरी होते. पॉल कोल्ली डोंगरातल्या पोरांबरोबर अनवाणी हिंडत वाढले. एके दिवशी तीन महारोगी त्यांच्या दारी आले. वडिलांनी हातमोजे घालून त्यांच्या पायांस मलम लाविले, पट्ट्या बांधिल्या. ते गेल्यावर मातोश्रींनी त्यांस दिलेली टोपली जाळून टाकिली आणि मुलांस त्या जागी खेळण्यास मनाई केली. इतक्या प्रेमळ घरातही ती भीती होती, मग आमच्या वाड्यावस्त्यांवर ती असावी यात नवल काय?

नवव्या वर्षी पॉल शिक्षणासाठी विलायतेस गेले. सन १९२९ मध्ये वडील हिवतापाच्या एका भयंकर प्रकाराने वारले; मुलाची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. पॉल यांनी प्रथम वैद्यकी न शिकता काही वर्षे सुतारकाम व गवंडीकाम शिकले. पुढे लंडनमध्ये, बाँबवर्षावाच्या दिवसांत, ते शस्त्रवैद्य झाले आणि सन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले.

तेथून ते एकदा डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन यांच्याबरोबर चिंगलपेटचे महारोग्यांचे आरोग्यधाम पाहावयास गेले. तेथे वाकड्या बोटांच्या एका रोग्यास त्यांनी आपला हात दाबण्यास सांगितले. त्याने तो इतक्या जोराने दाबला की डॉक्टरांस कळ सोसवेना. त्यांच्या मनात आले की, या हातातील काही स्नायू जर इतके बळकट आहेत, तर हा हात मेलेला कसा? दुसऱ्या एका प्रसंगी गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. एका किरकोळ पोराने पुढे होऊन किल्ली फिरविली व कुलूप उघडले. पण त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि त्या पोरास त्याची वार्ताही नव्हती! रात्री निजलेल्या रोग्यांची बोटे उंदीर कुरतडीत, तेही त्यांस सकाळीच कळे. अशा पुष्कळ गोष्टी धीराने तपासून डॉक्टरांनी ठरविले की बोटे रोगाने गळत नाहीत. रोग मज्जातंतू मारतो, वेदना नाहीशी होते, आणि वेदनेवाचून मनुष्य आपले हातपाय भाजून, कापून, झिजवून टाकितो.

पायाचे कसे होते ते सांगितले पाहिजे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास त्वचेखालीच एक मज्जातंतू आहे. तो सुजून निकामी झाला म्हणजे पाऊल उचलत नाही, चवडा लोंबतो व माणूस पाय फरफटत चालतो. घोट्याच्या आतल्या अंगाचा तंतू गेला म्हणजे बोटे नखीसारखी वळतात व तळवा बधिर होतो. तंतू सुजत असता मात्र पुष्कळदा असह्य कळा येतात. या कळा दैवावर घालून गप्प बसू नये. त्याच वेळी दवाखाना गाठला तर बहुधा पाय वाचतो. पॅरिसचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ या वैद्यांनी सन १८८६ मध्ये वर्णिलेला, बापाकडून वा आईकडून लेकरांस येणारा आणखी एक मज्जातंतूंचा विकार आहे. त्यातही पाऊल असेच वाकडे व दुखरे होते. तो महारोग नव्हे व तो कोणास लागत नाही; तरी अशा लेकरांसही गावे नावे ठेवितात.

ब्रँड साहेबांनी धड स्नायूंचे कंडर काढून लुळ्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया महारोग्यांच्या हातापायांवर सुरू केली. घोट्यामागचा कंडर पुढे आणून पावलावर शिवला म्हणजे लोंबता चवडा पुन्हा उचलू लागतो. मात्र नव्या कंडराने चालणे मेंदूस शिकवावे लागते, त्यास कित्येक आठवडे जातात. वेल्लोरला त्यांनी मातीच्या झोपड्यांचे नवजीवन केंद्र काढिले, व तेथे सुतारकामाची जुनी विद्या रोग्यांस शिकविली. जखमा टळाव्या म्हणून मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या वहाणा करविल्या. मुंबईस डॉक्टर नोशीर अंतिया यांनीही महारोग्यांवरील अशा शस्त्रक्रियांचे काम पत्करिले.

एकदा प्रवासाने थकून विलायतेत एका रात्री मोजे काढीत असता ब्रँड साहेबांस आपली टाच बधिर वाटली. सुई टोचली, तरी कळ नाही. रोग आपणांसही लागला असे समजून ती रात्र त्यांनी जागून काढिली. पत्नी व लेकरे यांच्यापासून दूर राहावे लागेल, हात जातील, शस्त्रक्रिया सुटेल, असे एकेक विचार आले. सकाळी पुन्हा सुई टोचली, आणि ते ओरडले! गाडीत अवघडून बसल्याने एक तंतू दबला होता, एवढेच. त्यानंतर पाय दुखला की ते देवाचे आभार मानीत.

आमच्या त्या ऊसतोड्या बंधूस आता सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारे औषध चालू आहे. रोज संध्याकाळी त्याची मुलगी पाय पाण्यात भिजवून तेल लाविते आणि तळवा दिव्याशी धरून पाहते. जे पायास कळत नाही ते तिचे डोळे पाहतात. उपदेशक बंधूंनी घरोघर एवढे तरी शिकवावे.

सन १९६६ मध्ये ब्रँड साहेब अमेरिकेतील कारव्हिल येथील महारोग रुग्णालयात गेले आणि तेथे मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसही हीच निगा लागू केली. ८ जुलै २००३ रोजी ते निवर्तले. त्यांच्या मातोश्री सन १९७४ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षांच्या होईपर्यंत जगल्या. उतारवयात पडून त्यांचे पाय अर्धे लुळे झाले होते. मुलाने परोपरीने विनविले, तरी त्यांनी डोंगर सोडिला नाही. दोन बांबूच्या काठ्या टेकीत, आणि जेथे काठ्या चालत नसत तेथे तट्टावर बसून, त्या एका गावाहून दुसऱ्या गावास जात राहिल्या.