शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या! पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत मेहकरला मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ सहावीत आहे. क्रिकेटचे सगळे स्कोअर त्याला पाठ, पण धडा वाचायला घेतला की घाम फुटतो. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’. वर्गात सगळे त्याला ‘ढ’ म्हणतात. तपासणीत डिसलेक्सिया निघाला. यात बुद्धी कमी नसते, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी चटकन जुळत नाही. मावशीने त्याला माझ्यासमोर बसवलं. आता शिकवायचं कसं? पुस्तकं चाळताना ताराबाई मोडक भेटल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. मुलींनी शाळेत जाणंसुद्धा नवलाचं होतं, तेव्हाची ही गोष्ट! लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. नवरा वकील होता, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. चांगला पगार, मान, सगळं होतं. पण आपल्या मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न काही सुटेना. त्या शोधात भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं नाव कळलं आणि १९२३ मध्ये नोकरी सोडून त्या तिकडे गेल्या.

गिजुभाई माँटेसरी पद्धतीने शिकवायचे. माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर. मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांपासून त्यांनी सुरुवात केली होती. त्यांच्या पद्धतीत मूल पॉलिश पेपरच्या अक्षरावरून बोट फिरवतं, डोळ्यांनी बघतं आणि तोंडाने आवाज काढतं. डिसलेक्सियाच्या मुलांना आजही याच तत्त्वावर शिकवतात.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरात जम बसला होता. तरी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला खेड्यात गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची, तर शाळाही त्यांच्या मागे कुरणात गेली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

डिसलेक्सिया हा ताराबाईंचा विषय नव्हता. पण मूल शिकत नसेल तर मुलाला दोष द्यायचा नाही, शिकवण्याची रीत बदलायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आपण तरी दुसरं काय शिकतो? मशीन चाललं नाही तर आपण डिझाइन तपासतो, मशीनला छडी मारत नाही!

आम्ही पैनगंगेची वाळू आणली, परातीत पसरली. तो बोटाने ‘ध’ काढायचा आणि मोठ्याने म्हणायचा. मग ‘धरण’, मग ‘धनुष्य’. तुरीच्या दाण्यांची अक्षरं झाली. आता मेस झाल्यावर रोज वीस मिनिटं मी त्याला फोनवर शिकवतो. चमत्कार वगैरे झालेला नाही. अजून तो अडखळतो, चिडतो, कधी फोन ठेवून देतो. पण गेल्या रविवारी स्टँडवर एसटीची पाटी त्याने आपणहून वाचली आणि लगेच मला फोन केला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांचा समावेश आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. पण रोज शेजारी बसणारं माणूस कायद्याने मिळत नाही. आपल्या मेसमधल्या काकांची, वॉचमन काकांची मुलंही शाळेत जातात. त्यांच्यातलंही एखादं वाचताना अडत असेल. सबमिशनच्या धावपळीतून वीस मिनिटं काढता येतील ना?