राजांसाठी खेळणी घडविणारे सुतार : डेव्हिड रोएंटगेन

बर्लिनच्या उपयोजित कला संग्रहालयात साडेतीन मीटरहून अधिक उंचीचे एक लेखन-कपाट आहे. दुरून पाहता ते एखाद्या प्रासादाचा दर्शनी भाग वाटते. किल्ली फिरविली की त्याची दारे आपोआप सरकतात, लिहिण्याची फळी बाहेर येते, एका खणाच्या पोटातून दुसरा खण डोकावतो, कुठून तरी एक फलक उभा राहतो आणि वरच्या घड्याळाबरोबर संगीत वाजू लागते. प्रशियाचे तत्कालीन युवराज फ्रेडरिक विल्यम यांच्यासाठी सुमारे १७७९ मध्ये ते पूर्ण झाले. घडविणारे होते डेव्हिड रोएंटगेन. क्ष-किरणांचे संशोधक ते हे नव्हेत. हे त्यांच्याही शतकभर आधीचे.

डेव्हिड यांचा जन्म १७४३ चा. वडील अब्राहम हेही नामांकित सुतार. लंडनमध्ये कसब शिकत असतानाच ते मोराव्हियन बंधुमंडळी या ख्रिस्ती पंथाकडे ओढले गेले. साधी राहणी आणि ऐहिक डौलाविषयी विरक्ती ही त्या पंथाची शिकवण. १७५० मध्ये हे कुटुंब ऱ्हाईनकाठच्या नॉयविड गावी स्थिरावले. अंगावर साधे कपडे आणि हातून घडणारे सामान मात्र राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यासाठी! हा पेच रोएंटगेन घराण्याला अखेरपर्यंत सुटला नाही.

१७६० च्या दशकाअखेर कारखाना कर्जात बुडाला. तयार माल पडून होता. तेव्हा १७६९ मध्ये हॅम्बुर्ग येथे लॉटरी काढून तो खपविण्यात आला. पैसा आला; परंतु पंथातील वडीलधाऱ्यांना हा मार्ग रुचणारा नव्हता. डेव्हिड पंथापासून दुरावले. १७७२ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला आणि कारखान्याचा खरा उत्कर्ष सुरू झाला.

त्यांच्या कलेची दोन अंगे होती. पहिले जडावकामाचे. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून चित्र उभे करताना छाया दाखविण्यासाठी इतर कारागीर लाकूड तप्त वाळूत करपवीत किंवा त्यावर रेषा कोरीत. रोएंटगेन यांनी रंगविलेल्या लाकडाचे बारीक तुकडे शेजारी शेजारी बसवून छाया साधली. जवळ गेल्याशिवाय हे रंगकाम नव्हे, हे कळू नये इतके ते सफाईदार असे. चित्रांचे आराखडे यानुआरिउस त्सिक या चित्रकाराकडून येत. दुसरे अंग यंत्राचे. नॉयविडचेच घड्याळजी पेटर किन्झिंग यांच्या साहाय्याने त्यांनी स्प्रिंगा, तरफा आणि वजने लाकडाच्या आत दडविली. किल्ली कशी फिरते यावर कोणता खण उघडणार हे ठरे. गुप्त पत्रे ठेवणे हा एक उपयोग. पण खरा हेतू पाहणाऱ्याला चकित करणे हाच असावा. हे अवजड सामान सुटे करून दूरवर नेता येई, ही व्यापाराची दृष्टीही त्यात होती.

१७७९ मध्ये ते पॅरिसला गेले. सोळाव्या लुईने असेच एक प्रचंड कपाट सुमारे ८० हजार लिव्हर मोजून घेतले. पुढे रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांनी तर मागितलेल्या किमतीपेक्षा अधिक रक्कम दिली. १७८४ ची संतूरवादक बाहुली ही रोएंटगेन आणि किन्झिंग यांची सर्वांत लोभस निर्मिती. या बाहुलीचे हात खरोखरच तारांवर हातोड्या मारतात, मान वळते, डोळे फिरतात आणि ती आठ धून वाजविते. राणी मारी आंत्वानेत हिने ती विकत घेऊन विज्ञान अकादमीकडे सोपविली. आज ती पॅरिसमध्येच आहे.

१७८९ च्या क्रांतीने गिऱ्हाइकच नाहीसे केले. पॅरिसमधील मालमत्ता गेली, युद्ध ऱ्हाईनपर्यंत आले आणि नॉयविडचा कारखाना बंद पडला. तत्पूर्वी, १७९१ मध्ये, बंधुमंडळीने डेव्हिड यांना पुन्हा आपलेसे केले होते. १८०७ मध्ये वीसबाडेन येथे त्यांचे निधन झाले.

लुईचे कपाट एकोणिसाव्या शतकात मोडून विकले गेले. बर्लिनचे मात्र टिकले. २०१२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रदर्शनासाठी अटलांटिकपार गेले. त्याचे खण एकामागून एक उघडताना दाखविणारी चित्रफीत तेव्हापासून जगभर पाहिली जात आहे.