मजूरमंत्री बाबासाहेब

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धम्मदीक्षेसाठी चांद्याला आले. गडचिरोली तेव्हा याच जिल्ह्यात होती. ती आठवण इथे घराघरांत आहे. पण खाणी आणि कारखान्यांच्या या मुलखाचे त्यांच्याशी आणखी एक नाते आहे. ते फारसे कोणी सांगत नाही.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्क आवळणाऱ्या मुंबईतील विधेयकाविरुद्ध त्यांनी कामगारांचा एक दिवसाचा संप घडवला. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्या वर्षी त्यांनी धनबादच्या कोळसा खाणी पाहिल्या. १९४४ मध्ये खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला.

त्या काळी मुकादमाच्या एका शब्दावर माणूस घरी बसे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना आणि खाणींना नोकरीच्या अटी, नोटीस व शिक्षेचे नियम लेखी ठेवणे भाग पडले.

नोकरकपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, १९५३ मध्ये कायद्यात आली. तेव्हा बाबासाहेब सरकारात नव्हते. पण भरपाई मागायची तर आधी नोकरी सिद्ध करावी लागते. कंत्राटी कामगाराचे घोडे आजही तिथेच अडते. वर्षे भरतात, कागद मात्र नसतो.

चांद्याहून परतल्यावर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. दीक्षाभूमीवर हात जोडणाऱ्या कामगाराने हजेरीपटावर आपले नाव आहे की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे.