पाच मिलिमीटरच्या लहरी आणि जगदीशचंद्र

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात जगदीशचंद्र बोस यांचे नाव आपल्याकडे बहुधा मार्कोनीच्या जोडीने आणि काहीशा तक्रारीच्या सुरातच घेतले जाते. श्रेय कोणाचे, या वादात त्यांचे खरे काम मात्र झाकोळून जाते. मार्कोनीला दूरचा पल्ला गाठायचा होता, म्हणून तो लांब लहरींकडे वळला. जगदीशचंद्रांनी नेमकी उलट वाट धरली. त्यांची सर्वांत आखूड लहर अवघ्या पाच मिलिमीटरची होती. आजच्या परिभाषेत ही ६० गिगाहर्ट्झची वारंवारता होय. सिलिकॉन-जर्मेनियमच्या चिपवर आज अभियंते ज्या मिलिमीटर लहरी हाताळतात, त्या याच.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांच्यामुळे प्रयोगांची गोडी लागली. वैद्यक शिकण्यासाठी ते लंडनला गेले. पण तापाने प्रकृती ढासळली आणि ते शिक्षण सोडून त्यांनी केंब्रिजची वाट धरली. तेथे लॉर्ड रेले त्यांचे गुरू होते. १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले, ते मात्र हंगामी. भारतीय असल्यामुळे आणि हंगामी असल्यामुळे युरोपीय प्राध्यापकाच्या एक तृतीयांश पगार त्यांच्या वाट्याला आला. त्यांनी भांडण केले नाही. तीन वर्षे शिकवत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. अखेर सरकार नमले, पूर्ण पगार मागील थकबाकीसह मिळाला आणि त्यातून वडिलांचे कर्ज फेडण्यास मदत झाली.

हाइनरिख हर्ट्झ १८९४ च्या आरंभी वारला, आणि ऑलिव्हर लॉज यांनी त्याच्या संशोधनावर केलेले विवेचन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ते जगदीशचंद्रांच्या वाचनात आले. विद्युतलहरी प्रकाशासारख्याच वागतात, हे हर्ट्झने दाखवले होते. पण त्याच्या लहरी इतक्या लांब, की त्यांचे वक्रीभवन दाखवण्यासाठी दीड मीटर उंचीचा आणि अर्ध्या टनाहून जड असा डांबराचा लोलक ओतावा लागला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्रांना मिळालेली जागा होती स्नानगृहाला लागून असलेली एक चिमुकली खोली. लहर आखूड केली, तर सारी उपकरणे टेबलावर मावतील, हा त्यांचा साधा हिशेब होता. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी ती बनवून घेतली.

ठिणगीसाठी प्लॅटिनमचे चिमुकले गोळे, लहर बाहेर सोडण्यासाठी धातूची नळी, ती गोळा करण्यासाठी नाकाड्यासारखा कर्णा, गंधकाचे भिंग. नळीतून लहर नेण्याची ही युक्ती जगाला पुन्हा सापडली ती १९३० च्या दशकात. लहरींचे ध्रुवीकरण तपासण्यासाठी त्यांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला. लहरीची दिशा फिरवण्यासाठी पीळ दिलेला ताग वापरला. बंगालमध्ये त्याची काय वानवा! १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात तीच उपकरणे इंग्रज शास्त्रज्ञांनी पाहिली.

लहर पाठवणे सोपे, तिचा सुगावा घेणे अवघड. त्या काळची ग्राहक उपकरणे एकदा संदेश मिळाला की जाम होत, त्यांना ठोकून जागे करावे लागे. जगदीशचंद्रांना त्यावर उपाय सापडला तो गॅलिना या शिशाच्या खनिजात. खड्यावर धातूचे टोक टेकवले की लहर येताच प्रवाह बदलतो आणि लहर थांबली की खडा आपोआप पूर्ववत होतो. अर्धसंवाहक ही संकल्पनाच अजून रुळलेली नव्हती. तरी हे अर्धसंवाहक उपकरणच होते.

मे १९०१ मध्ये लंडनमधील व्याख्यानापूर्वी एका तार कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे आला. भांडवल त्याचे, नफा निम्मा-निम्मा. जगदीशचंद्रांनी नकार दिला आणि पैशाच्या त्या हावेविषयीची शिसारी रवींद्रनाथ टागोरांना पत्राने कळवली. पुढे श्रीमती सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहाखातर अमेरिकेत अर्ज झाला, २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळालेही. पण त्यांनी त्याचा कधी उपयोगच करून घेतला नाही. हा त्याग खरा, पण त्याची किंमतही मोठी होती. गॅलिनाच्या खड्यावरचे रेडिओ पुढे घरोघरी आले आणि ज्याने तो खडा प्रथम वापरला, त्याचे नाव ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. दरम्यान ते स्वतः वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मिलिमीटर लहरी दीर्घकाळ खगोलशास्त्र आणि लष्कर यांच्यापुरत्याच राहिल्या. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम आर्सेनाइडच्या चिप महाग होत्या आणि स्वस्त सिलिकॉनचा साधा ट्रान्झिस्टर त्या वेगाला पुरा पडत नव्हता. १९८७ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ट्रान्झिस्टरच्या मधल्या थरात, म्हणजे बेसमध्ये, जर्मेनियम मिसळलेला ट्रान्झिस्टर सादर केला. जर्मेनियमचे प्रमाण थरातून हळूहळू वाढवत नेले, की इलेक्ट्रॉनांना जणू उतार मिळतो आणि ते थर झपाट्याने ओलांडतात. शिवाय चिप बनते ती सिलिकॉनच्याच कारखान्यात. मोटारींचे ७७ गिगाहर्ट्झचे रडार आवाक्यात येण्यात या चिपचा मोठा वाटा आहे.

मात्र या चिपच्या रचनाकारापुढचा प्रश्न कलकत्त्याच्या त्या खोलीतलाच आहे. हवेत पाच मिलिमीटरची असलेली लहर चिपवरील काचेसारख्या थरात निम्म्याने आखडते आणि तिचा चौथा भाग जेमतेम ०.६ मिलिमीटर भरतो. एवढ्या लांबीची तार ही मग नुसती तार राहत नाही. तिची लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनचे अंतर सारे मोजूनमापून ठरवावे लागते. तार कोठे वळवायची, लहर कोठे परतून येईल, ती चिपबाहेर कशी सोडायची, यावरच रचनाकाराचे महिने खर्ची पडतात. २०१२ साली विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने प्रेसिडेन्सीतील या प्रयोगांची दखल घेतली. जगदीशचंद्रांची मूळ उपकरणे, नळी, कर्णा आणि खडा, कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत.