आधी ससे, मग स्वतःचा दंड : परळच्या हाफकिन संस्थेला ज्याचं नाव मिळालं, तो माणूस कोण होता?

2020 साली कोव्हॅक्सिन तयार होत होती तेव्हा ती उंदरांवर, सशांवर आणि लाल तोंडाच्या माकडांवर तपासली गेली. माकडांवरच्या चाचणीत पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, माणसांची लस आधी जनावरांना कशाला? मुंबईत या प्रश्नाचं उत्तर 1896 मध्येच एकाने शोधलं होतं.

त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म 1860 चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. ज्यू घरातला हा मुलगा डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्र शिकलेला होता. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला जागा मिळाली तीही ग्रंथपाल म्हणून. तिथेच त्याने गिनीपिगवर प्रयोग करत कॉलऱ्याची लस बनवली आणि जुलै 1892 मध्ये स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये तो कलकत्त्याला आला.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिनला बोलावून घेतलं आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली अन् व्हरांडा दिला. सोबत एक कारकून, तीन शिपाई. प्रयोगशाळा म्हणायची ती एवढीच!

मांसाच्या रश्श्यात तो प्लेगचे जंतू वाढवायचा. वर थोडं तूप सोडायचा. तुपाच्या तवंगाला धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचं. झाली लस.

पण ती चालते का, हे कसं कळणार? इथे ससे आले. काही सशांना लस द्यायची, काहींना नाही. नंतर सगळ्यांच्या अंगात जिवंत प्लेग सोडायचा. लस घेतलेले जगले, बाकीचे मेले, तर लस काम करते. जिवंत प्लेग मुद्दाम माणसाला टोचून पाहणं शक्यच नव्हतं, म्हणून ससे. डिसेंबरपर्यंत निकाल हाती होता, लस घेतलेले ससे वाचत होते.

मात्र ससा म्हणजे माणूस नव्हे. सशाला सोसलेली लस माणसाला सोसेल का, हे सशावरून कळत नाही. म्हणून 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने 10 मिलिलिटर लस स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना जेवढी दिली जायची त्यापेक्षा हा डोस कितीतरी मोठा होता. ताप आला, अंग दुखलं, काही दिवसांत तो बरा झाला. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कमी दिसला. (कैद्याची संमती किती खरी, हा प्रश्न आज नक्की विचारला गेला असता.)

तरी लोकांचा विश्वास सहज बसत नव्हता. घरात घुसून तपासणी करणाऱ्या गोऱ्या सोजिरांमुळे सरकारच्या प्लेगविरोधी कामाबद्दलच राग होता. पुण्यात जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच रागातून. आगाखानांनी स्वतः लस घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. 1899 मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग 1902 चा ऑक्टोबर. पंजाबातल्या मल्कोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर फुटलं, हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. नंतर जे समोर आलं ते वेगळंच होतं. त्याच दिवशी इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असं पुढे आलं. शेकडो सशांवर तपासूनही ही चूक पकडता आली नसती, कारण ती लसीत नव्हतीच.

रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर 1907 मध्ये त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. पाच वर्षं गेली होती. तो कलकत्त्याला परतला खरा, पण परळची खुर्ची काही त्याला पुन्हा मिळाली नाही. 1925 मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं, तेव्हा तो युरोपात राहत होता. 1930 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात तो वारला.