मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडणारा वकील मुरबाडच्या जंगलात लपला होता

दुसऱ्या महायुद्धावरच्या कुमार कादंबऱ्या वाचल्यात? त्यात लंडन असतं, पोलंड असतं, पॅरिस असतं. पण तशीच एक खरी गोष्ट आपल्या मुरबाडच्या सिद्धगडावर घडलीय.

गोष्ट आहे भाई कोतवालांची.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. शिकून ते वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. आरामात जगता आलं असतं. पण आजूबाजूचा शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात खायला धान्य नाही म्हणून सावकाराच्या दारात जायचा. भाईंनी त्यांच्यासाठी धान्य कोठार सुरू केलं, मुलांसाठी शाळा काढल्या. पुढे जंगलात हीच माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

ऑगस्ट १९४२. चले जाव आंदोलन पेटलं आणि भाई भूमिगत झाले. त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला.

दस्त्याचं टार्गेट होतं विजेचे मनोरे. का? तर टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून निघालेली वीज या डोंगरपट्ट्यातून मुंबईला जायची. त्यावर गिरण्या, कारखाने आणि रेल्वे चालायची. युद्ध सुरू होतं आणि इंग्रजांना हा माल हवा होता. मनोरा पाडला की वीज बंद आणि यंत्रंही बंद. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दस्त्याने एकामागोमाग एक मनोरे पाडले.

सरकारने भाईंवर बक्षीस लावलं. दस्ता सिद्धगडाच्या जंगलात शिरला. पण खबर फुटली.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तळाला वेढा घातला. गोळीबारात मानिवलीचे हिराजी पाटील शहीद झाले. भाई जखमी झाले आणि हॉल या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना गोळी घातली. भाईंचं वय होतं अवघं ३० वर्षं.

२०२० मध्ये त्यांच्यावर मराठी सिनेमा आला. दर २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात, अभिवादन करतात.

उद्या कुणी मुलांसाठी यावर कादंबरी लिहिलीच, तर नायक, जंगल, पाठलाग आणि फितुरी असं सगळं तयार आहे. फक्त शेवट गोड करता येणार नाही.